नोकरी, ओळख आणि विषमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली, आयटीआय झालेली किंवा पहिली नोकरी सोडून दुसरी शोधणारी मुलंमुली आणि त्यांच्या घरची माणसं हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. भरती करणाऱ्यांचेही दोन-तीन प्रश्न शेवटी घेतले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींसाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

ओळखीशिवाय नोकरी मिळतच नाही, हे खरं आहे का?

खरं नाही. स्पर्धा परीक्षा, कॅम्पस, जाहिरात, पोर्टल या वाटांनी दर वर्षी कितीतरी जण कामाला लागतात. पण ओळखीचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे, आणि तो फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० च्या सुमारास २८२ नोकरदार पुरुषांना विचारलं, की तुम्हाला ही नोकरी कशी कळली. हे सगळे व्यवस्थापक, तंत्रज्ञ, व्यावसायिक, म्हणजे शिकलेले लोक. त्यांतल्या ५६ टक्के लोकांना ती कुणाच्या तरी ओळखीतून मिळाली होती.

त्यामुळे ‘ओळख चालते का’ यापेक्षा कुणाच्या ओळखीची माणसं कुठे बसलेली आहेत, हे विचारायला हवं. सगळ्यांच्या ओळखी साधारण एकाच उंचीच्या असत्या, तर या विषयावर एवढं लिहायची गरज पडली नसती.

ओळखीने नोकरी म्हणजे वशिलाच ना?

दोन्हींत फरक करायला हवा. ‘अमुक कंपनीत पुढच्या महिन्यात माणसं घेणार आहेत, अर्ज टाकून ठेव’ असं कुणी सांगितलं, तर ती माहिती झाली. ‘हा मुलगा माझ्या हाताखाली वर्षभर होता, वेळेवर येतो, काम चोख करतो’ असं कुणी म्हटलं, तर ती साक्ष झाली. आणि पात्र उमेदवाराला बाजूला सारून साहेबांच्या भाच्याला घेतलं, तर तो वशिला. पहिल्या दोन गोष्टींत कुणाचा हक्क मारला जात नाही असं वाटतं. पण ती माहिती आणि ती साक्ष ठरावीक घरांतच फिरत राहिली, तर परिणाम वशिल्यासारखाच होतो. कुणी गैर काही केलेलं नसतं, तरी बाहेरचा बाहेरच राहतो. म्हणूनच हा अन्याय पकडायला अवघड आहे.

कंपन्या तरी ओळखीवर माणसं का घेतात?

कारण त्यांना ते स्वस्त आणि सुरक्षित वाटतं. जाहिरात दिली की अर्जांचा ढीग येतो, आणि कागदावर सगळे सारखेच मेहनती असतात. आतला माणूस सांगतो तेव्हा त्याचं नाव पणाला लागलेलं असतं. बांगलादेशातल्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांचा रेचेल हीथ यांनी अभ्यास केला, त्यात हे स्पष्ट दिसतं. नव्या कामगाराने काम नीट केलं नाही, तर त्याला आणणाऱ्याच्या पगारवाढीवरही परिणाम होतो. नव्याला शिस्त लावायचं काम कंपनीच्या वतीने जुना कामगारच करतो.

पण आणणारा नेहमी चांगलाच माणूस आणतो असं नाही. लोरी बीमन आणि जेरेमी मग्रुडर यांनी कोलकात्यात एक प्रयोग केला. लोकांना एक काम दिलं आणि पुढच्या वेळी तुमच्या ओळखीचा एक माणूस घेऊन या, असं सांगितलं. आणण्याबद्दल ठरावीक रक्कम मिळणार होती, तेव्हा लोकांचा ओढा नातेवाइकांकडे राहिला. आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर मोबदला ठेवला, तेव्हा नातेवाईक कमी झाले आणि सहकारी वाढले. म्हणजे चांगलं काम कोण करेल हे लोकांना बऱ्यापैकी ठाऊक असतं. फक्त त्यांच्या डोक्यावर कुटुंबाचंही देणं असतं.

जवळचे नातेवाईक जास्त उपयोगी पडतात की तोंडओळखीचे लोक?

ग्रॅनोव्हेटर यांच्या त्या अभ्यासातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट हीच. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना विचारलं की तो ओळखीचा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारे फक्त १७ टक्के निघाले. जवळजवळ ५६ टक्के अधूनमधून भेटणारे होते आणि २८ टक्के तर क्वचितच. कारण साधं आहे. रोज भेटणाऱ्याला जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी वेगळ्या वर्तुळातल्या माणसाकडून येते.

लिंक्डइनवरच्या जवळपास दोन कोटी लोकांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही मध्यम कमकुवत ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या: अगदी जिवलगही नव्हे आणि अगदी परकेही नव्हे. मात्र जिथे काम फारसं डिजिटल नाही, अशा क्षेत्रांत जवळच्या ओळखीच जास्त कामी आल्या. गवंडीकाम, वाहतूक, छोटे कारखाने यांत आपल्याकडेही मामा-काकाच आधी आठवतात, ते उगाच नाही.

म्हणजे गरिबांकडे ओळखी नसतात, असं म्हणायचं का?

मुळीच नाही, आणि हा गैरसमज आधी काढून टाकायला हवा. गरीब माणसाला ओळखीशिवाय शहरात एक रात्रही काढता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात एकेका गावाच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या होत्या. कोकणातून किंवा घाटावरून आलेला पोरगा थेट आपल्या गावाच्या खोलीवर यायचा. पाळ्यांप्रमाणे पथारी टाकायची, खानावळवाल्या बाईकडे उधारीवर जेवायचं आणि गाववाला कामाला लावेल तोवर वाट बघायची. धोबी तलावाच्या आसपास गोव्यातल्या गावांचे कूड, म्हणजे अशाच सामाईक खोल्या, होते. बोटीवर जाणारे खलाशी, स्वयंपाकी, वाजंत्री तिथे उतरायचे आणि पुढच्या बोटीची खबर तिथेच लागायची.

आजही नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला काम मिळतं ते ठेकेदाराच्या आणि जोडीदाराच्या ओळखीवर. बीड भागातून ऊसतोडीला निघणारं जोडपं, ज्याला तिथे एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन निघतं. काम शोधावं लागत नाही, कामच दाराशी येतं. पण हंगामात उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामालाही तोच मुकादम आणि तोच फड.

गरिबांच्या ओळखी घट्ट असतात, भरवशाच्या असतात आणि काम पटकन मिळवून देतात. मात्र त्या आपल्याच पायरीवरचं काम मिळवून देतात. वरच्या पायरीवर कुणी ओळखीचं नसेल, तर तिथे जागा निघाली हेसुद्धा खाली कळत नाही.

गिरणीत भरती कशी व्हायची?

जॉबरच्या हातून. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. माणसं आणणं, त्यांच्याकडून काम करून घेणं, रजा देणं, काढून टाकणं, सगळं बरंचसं त्याच्याच हातात. तो आपल्या गावची, भावकीची, जातीची माणसं आणायचा आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे दलाली, घ्यायचा. कायम कामगार गैरहजर असला की त्या दिवसापुरता बदली कामगार घेत. रोज सकाळी गिरणीच्या दरवाज्यावर उभं राहायचं आणि जॉबरने बोट दाखवलं तर आत जायचं. वर्षानुवर्षं बदलीवर काढलेली माणसं होती. १९३१ मध्ये अहवाल दिलेल्या, कामगारांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशनने जॉबरच्या हातून भरतीचे अधिकार काढून घ्या असं सांगितलं. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवणारी योजना आणली. जॉबरची सत्ता त्यानंतर हळूहळू घटली, पण ओळखीची भरती थांबली नाही.

या साखळीने हजारो कोकणी आणि घाटी कुटुंबं जगवली, हे विसरून चालणार नाही. पण याच साखळीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विणाई खात्यात पगार चांगला होता. तिथे धोट्यात, म्हणजे मागावरच्या शटलमध्ये, सूत ओवताना ते तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांचं तोंड त्या धोट्याला लागेल म्हणून इतर कामगारांनी त्यांना त्या खात्यात येऊच दिलं नाही. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. मालकाविरुद्ध एकजूट असलेले कामगार विणाई खात्याच्या दारात मात्र आपल्याच सोबत्यांना अडवत होते. ओळखीतून भरलेलं खातं म्हणजे ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी बंद खातं. कामगार चळवळीबद्दल ज्यांना ममत्व आहे, त्यांनी हे खास लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

गिरण्या बंद पडल्यावर त्या ओळखींचं काय झालं?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखभराहून जास्त लोकांचं काम कायमचं गेलं. ज्याच्याकडे ‘मला कुठेतरी लाव’ म्हणून जायचं, तो भाऊ, तो मामा, तो गाववाला सगळे एकाच वेळी घरी बसलेले. ओळखी सगळ्या एकाच धंद्यातल्या असल्या, तर तो धंदा बुडताना त्याही बरोबर बुडतात.

त्याच काळात दुसरं काहीतरी घडत होतं, ते दादरमधल्या शाळांच्या एका अभ्यासातून बाहेर आलं. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधल्या बहुतेक सगळ्या शाळांतून, वीस वर्षांच्या काळात तिथे शिकायला आलेल्या मुलामुलींची माहिती गोळा केली आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. १९९१ नंतर मुंबईत इंग्रजी येणाऱ्यांचा पगार झपाट्याने वाढला. मग सगळ्यांनीच इंग्रजी माध्यमाकडे वळायला हवं होतं. पण ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांत, गोदीत, गिरणीत होते, त्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातच जास्त राहिले. कारण त्यांची वाट आखलेली होती: शाळा संपली की काका आपल्या इथे चिकटवून घेणार. त्या कामाला इंग्रजी लागत नव्हतं. आणि एकेकाने वेगळी वाट धरली तर साखळीच सैल होते, म्हणून समाजाचाही दाब असायचा.

त्याच घरांतल्या मुलींचं काय? त्यांना कुणी गिरणीत किंवा गोदीत लावणार नव्हतं. त्यांच्यासाठी अशी साखळीच नव्हती. म्हणून त्या मोकळेपणाने इंग्रजी शाळेत गेल्या आणि वरच्या जातींच्या मुलींशी असलेलं अंतर त्यांनी भरून काढलं. सख्ख्या भावंडांत भाऊ मागे राहिला आणि बहीण पुढे गेली.

या विषयावर मी जेवढं वाचलं, त्यात मला हा अभ्यास सगळ्यांत मोलाचा वाटतो. यावरून मराठी माध्यमाला दोष देऊ नये. दोष आहे तो एकाच कामाकडे नेणाऱ्या साखळीचा. काल जी साखळी आधार होती, तीच आज पायात अडकते आणि अडकली आहे हे लवकर कळतही नाही.

मग मुलींना ओळखी नसणं फायद्याचं, असं म्हणायचं?

शाळा निवडताना झालं असेल. नोकरी लागताना मात्र नाही. मलावीमध्ये एक भरती-प्रयोग झाला. त्यात नोकरीसाठी ओळखीचा उमेदवार सुचवा असं सांगितल्यावर बहुतेक पुरुषांनी पुरुषच सुचवला, लायक बायका ओळखीत असूनही. आपल्याकडेही नोकरीच्या खबरा बहुतेक चहाच्या टपरीवर, कामानंतरच्या गप्पांत, क्रिकेटच्या मैदानावर फिरतात. संध्याकाळी थेट घरी जावं लागणारी बाई त्या गप्पांत नसते. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना शेकडो कामगार ओळखत होते, पण त्या ओळखीतून त्यांना भांडवल मिळत नव्हतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेच्या कर्जाची वाट खुली झाली. बँकेपर्यंत नेणारं कुणीतरी लागतं. तिथे ते काम संघटनेने केलं.

हुशारी आणि डिग्री असेल, तर ओळखीची गरज काय?

डॉ. आंबेडकरांचंच उदाहरण घेऊ. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांचं लक्ष गेलं होतं. केळुसकरांनी त्यांना वाचायला पुस्तकं दिली, आणि पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महाराजांनी महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धी आणि कष्ट सर्वस्वी त्यांचे. पण परळच्या चाळीतून बडोद्याच्या दरबारापर्यंत पोचायला मधे एक केळुसकर लागले.

१९१७ मध्ये ते परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शहरात त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं आणि नोकरी सोडून मुंबईला परतावं लागलं. त्या वेळी त्यांच्याइतकं शिक्षण झालेली माणसं देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. पदवीमुळे नोकरी मिळाली. ती टिकवायला शहरात चार माणसं आपली म्हणणारी लागतात, ती पदवीने आणून दिली नाहीत.

आज आडनावावरून खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजला गेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००५-०६ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना एकूण ४८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी: कुठे सवर्ण आडनाव, कुठे दलित आडनाव, कुठे मुस्लिम नाव. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. हे पदवीधरांचे अर्ज होते आणि कंपन्याही आधुनिक होत्या.

त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ एचआर व्यवस्थापकांशी बोलून पाहिलं. जातीचा आम्ही विचारही करत नाही, असं ते सांगत. पण ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणं बहुतेकांना महत्त्वाचं वाटत होतं. वडील काय करतात, घरी कोण कोण शिकलेलं आहे. मुलाखतीला बसलेल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला हा प्रश्न साधा वाटत नाही, आणि विचारणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

सगळ्यांत वरच्या खुर्च्यांवर काय स्थिती आहे?

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या मोठ्या १००० कंपन्यांच्या संचालक मंडळांतल्या नऊ हजारांहून जास्त संचालकांची नावं तपासली गेली. जवळजवळ ९३ टक्के संचालक पुढारलेल्या मानल्या जाणाऱ्या जातींचे होते. अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन टक्के. संचालकाच्या खुर्चीची जाहिरात निघत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केली. ऑर्डर देणारी, कर्ज देणारी, सल्ला देणारी माणसं ओळखीत नसणं हा भांडवलाइतकाच मोठा अडसर असतो, आणि अशा संघटना नेमकं तिथे काम करू शकतात.

सरकारी नोकरीत तरी ओळख चालत नाही ना?

संविधानाच्या कलम १६(२) मध्ये सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग यांच्याबरोबर कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरूनही भेद करू नये असं म्हटलं आहे. कुणाचा मुलगा आणि कुठल्या गावचा, हे न विचारता नोकरी मिळावी, असा हा करार आहे. लेखी परीक्षेमागचं बळ यातच आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून क आणि ड गटाच्या पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या, तेही याच दिशेने. पुण्यातल्या पेठांमध्ये आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं बसलेल्या मुलांना लोक हट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. वडिलांची ओळख विचारत नाही अशी एक वाट त्यांना दिसते आणि ते ती धरतात. एजन्सीमार्फतच्या कंत्राटी भरतीने ही वाट अरुंद होते, कारण तिथे पुन्हा ठेकेदाराची ओळख आली.

सफाई कामगारांची गोष्ट वेगळी आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घराला कायम पगार मिळतो, घरही सुटत नाही, आणि म्हणून कुणी ती सहज नाकारू शकत नाही. पण त्याच वेळी नातवाच्याही हातात झाडूच राहतो. हा हक्क काढून घ्या असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. शिकलेल्या वारसाला त्याच्या पात्रतेच्या दुसऱ्या पदावर घेण्याची तरतूद मनापासून राबवली जावी, एवढी मागणी तरी रास्त आहे.

सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून उपयोग होतो का?

नोंदवावं, पण त्यावर विसंबू नये. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आकाराच्या आस्थापनांवर रिक्त जागा कळवण्याचं बंधन घातलं. तिथूनच माणूस घ्या, असं बंधन घातलं नाही.

दुसऱ्या देशांत याचा परिणाम मोजला गेला आहे का?

राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात कोटींहून जास्त लोकांच्या फेसबुकवरच्या मैत्रीचा अभ्यास २०२२ मध्ये मांडला. ज्या भागांत गरीब आणि सुखवस्तू माणसांची एकमेकांशी जास्त मैत्री आहे, तिथे वाढलेली गरीब मुलं पुढे जास्त कमावतात. सुखवस्तू मुलांच्या भोवती जितकी सुखवस्तू माणसं असतात, तितकी गरीब मुलांच्या भोवती असती, तर मोठेपणी त्यांचं उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी वाढलं असतं, असा त्यांचा अंदाज आहे.

एकाच वर्गात बसवलं की मैत्री होते असं नाही, हेही त्यांनी दाखवलं. निम्मी अडचण एकत्र न येण्याची, तर निम्मी एकत्र येऊनही आपापल्या घोळक्यात राहण्याची. आपल्या कॉलेजांत वसतिगृहातली मुलं एका बाजूला आणि गावातली दुसऱ्या बाजूला बसतात, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. प्रकल्पाचे गट शिक्षकांनी स्वतः पाडले, तर एवढ्यानेही फरक पडतो.

घरातला पहिला पदवीधर मीच आहे. ओळखी आणू कुठून?

तुमच्याकडे वाटतात त्याहून जास्त आहेत, पण त्या तुम्ही मोजलेल्या नाहीत. दोन-तीन वर्षं पुढे असलेले सीनियर ही सगळ्यांत मोठी पुंजी. ते नुकतेच आत गेलेले असतात, त्यांना भरतीची पद्धत ताजी आठवते आणि ते तुमच्यासारख्याच घरांतून आलेले असतात. मग आयटीआयचे निदेशक, प्रॅक्टिकलला आलेले बाहेरचे परीक्षक, एनएसएसच्या शिबिरात भेटलेली माणसं, अप्रेंटिसशिप केलेल्या कारखान्यातले सुपरवायझर. अप्रेंटिसशिपबद्दल मी आग्रहाने सांगेन: विद्यावेतन कमी असलं तरी ती करा. वर्षभर कुणीतरी तुमचं काम डोळ्यांनी पाहतं. तशी साक्ष नात्यातला कुणी देऊ शकत नाही.

लिंक्डइनवर खातं उघडा, पण पाचशे अनोळखी लोक जोडून काही होत नाही. आपल्याच कॉलेजातून गेलेले दहा जण शोधा आणि त्यांच्याशी खरोखर बोला.

मदत मागायला लाज वाटते. कसं विचारायचं?

नोकरी मागू नका, माहिती मागा. नोकरी देणं समोरच्याच्या हातात बहुतेक नसतं. त्यामुळे तो अवघडतो आणि फोन टाळतो. माहिती देणं मात्र त्याच्या हातात असतं. असा मेसेज पुरतो:

‘नमस्कार दादा. आपल्याच आयटीआयमधून मी यंदा फिटर ट्रेड पूर्ण केला. तुमचा नंबर आमच्या निदेशकांनी दिला. तुमच्या कंपनीत अप्रेंटिस कोणत्या महिन्यात घेतात आणि टेस्टमध्ये साधारण काय विचारतात, एवढं सांगू शकाल का? रविवारी तुमच्या सोयीने दहा मिनिटं फोन केला तर चालेल का?’

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच आठवण करा, मग सोडून द्या. उत्तर आलं आणि पुढे काही झालं, किंवा झालं नाही, तरी त्यांना कळवा. बहुतेक जण हे विसरतात. आपल्या सांगण्याचं पुढे काय झालं हे कळलं, तर माणूस पुढच्याला आनंदाने सांगतो.

मी आता नोकरीला आहे. रेफर कुणाला करू?

ज्याचं काम तुम्ही पाहिलं आहे, त्याला. आणि त्यापुढे जाऊन एक करा: कंपनीत जागा निघाली की ती फक्त मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. आपल्या जुन्या कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला, तालुक्याच्या आयटीआयला, एखाद्या वसतिगृहाच्या वॉर्डनला पाठवा. तुमची दोन मिनिटं जातात, आणि ती जागा कधीच कळली नसती अशा पाच-पन्नास जणांना ती कळते. काम पाहिलेलं नसेल, तर तसं स्पष्ट लिहा: ‘यांना मी ओळखत नाही, पण अर्ज जरूर पाहावा.’ त्यात खोटं काही नाही आणि दार थोडं उघडतं.

आमचा एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. ओळखीची भरती बंदच करायची का?

बंद करायची गरज नाही, ती एकटी राहू देऊ नका. जागेची सूचना गेटवर लावा आणि कामगाराने आणलेल्या माणसालाही सगळ्यांबरोबर तीच टेस्ट द्यायला लावा. मशीनवर तासभर काम करून दाखवायला सांगितलं, तर बायोडेटापेक्षा जास्त कळतं. मुलाखतीतून वडिलांचा धंदा, गाव, लग्न हे प्रश्न काढून टाका. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा आणि गुण तिथल्या तिथे लिहा. रेफरलला बक्षीस देत असाल, तर ते माणूस आणल्याबद्दल देऊ नका, तो सहा महिने टिकला आणि काम चांगलं करत असला तर द्या. कोलकात्याच्या प्रयोगातून एवढं शिकण्यासारखं आहे.

‘साहेब ओळखीचे आहेत, दोन लाखांत काम करून देतो’ असं सांगणारा भेटला. विश्वास ठेवू का?

नाही. परीक्षेने भरल्या जाणाऱ्या पदांसाठी असे पैसे घेणाऱ्यांचा धंदा सोपा असतो. दहा जणांकडून घ्यायचे, त्यांतले दोघं स्वतःच्या मेहनतीने लागतातच, त्यांचे पैसे ठेवायचे आणि बाकीच्यांना वर्षभर फिरवायचं. पैसे देणं हाही गुन्ह्यात सहभाग आहे, म्हणून फसलेली माणसं पोलिसांकडे जायला घाबरतात, आणि पैसे घेणाऱ्याला हेच हवं असतं. खासगी कंपनीही उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घेत नाही. परदेशातल्या कामाचं कुणी सांगत असेल, तर त्या एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आधी तपासा. पासपोर्ट त्याच्या ताब्यात देण्यापूर्वी कामाचा लेखी करार हातात घ्या आणि तो घरात कुणाला तरी वाचून दाखवा.